माती शिजवणारी कढई

मी एक जुनी कढई आहे. तांब्याची, दोन कानांची, बुडाशी पोचा आलेली. पण मित्रांनो, कढई म्हटल्यावर तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, तर ते आधीच गिळून टाका. माझ्यात कधी भजी तळली गेली नाहीत की कधी शिरा झाला नाही. माझ्यात आयुष्यभर माती शिजली. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मलाही रडू आलं होतं.

माझा जन्म बीदरच्या जुन्या गावातला. मला घडवणारा शांतप्पा तांबट एका डोळ्याने अधू होता, म्हणून माझा डावा कान उजव्यापेक्षा बोटभर वर बसला. दुकानात माझ्या शेजारी टांगलेल्या कढया एकेक करून लग्नघरी गेल्या, हलवायांकडे गेल्या. मी आपली लटकलेलीच. शेवटी एक दिवस पांढऱ्या दाढीचे दादामियाँ आले. त्यांनी मला उलटी केली, टिचकी मारली आणि आवाज ऐकला.

"कान वाकडा आहे हिचा," शांतप्पा स्वतःच म्हणाला.

"कानाचं मला काय करायचंय? बूड चांगलं आहे," दादामियाँ म्हणाले.

माझं इतकं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. मी आनंदाने त्यांच्या घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्यात दोन ओंजळी माती घातली.

दादामियाँ बिदरीचे कारागीर होते. आमच्या सगळ्या गल्लीचा धंदाच तो. कल्लप्पा ओतारी जस्तात थोडं तांबं घालून सुरया, डबे, तबकं ओतून द्यायचा. मग त्यांच्यावर छिन्नीने वेलबुट्टी कोरायची आणि कोरलेल्या रेघांत चांदीची तार ठोकून बसवायची. तोवर भांडं राखाडीच असतं, त्यातली चांदी नीट दिसतही नाही. मग ते माझ्याकडे येतं. किल्ल्यातल्या बंद, अंधाऱ्या खोल्यांतली माती, जिला कित्येक पिढ्या ऊन लागलेलं नाही की पाऊस, ती पाणी आणि नवसागराच्या क्षाराबरोबर माझ्यात उकळते. भांडं त्यात फिरवलं की जस्त काळंभोर होतं आणि चांदी मात्र पांढरी राहते. इतके दिवस राबलेल्या माणसाला आपली नक्षी तेव्हा पहिल्यांदा दिसते. त्या वेळची किती तोंडं मी वाफेतून पाहिली आहेत! त्यापुढे तुमचा शिरा काहीच नाही, हे मला हळूहळू पटलं.

पण किल्ल्यातली सगळीच माती चालत नाही. एका कोपऱ्यातली चालते आणि हातभर पलीकडची चालत नाही. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. ते फक्त जिभेला कळतं. दादामियाँ चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि सांगायचे, चांगली आहे किंवा टाकून दे. आपल्या मुलाला, वदूदला, त्यांनी सातव्या वर्षी पहिली चिमूट दिली. "आधी खारट लागेल, ते सोड. मग जिभेच्या कडेला टोचेल, तेही सोड. शेवटी घशाशी गार वाटलं तर ती आपली," असं ते सांगायचे. वदूद थू थू करायचा आणि मार खायचा.

मला मात्र चाखायची गरज नव्हती. चांगली माती माझ्या बुडाला बारीक चावायची, कडेने मोहरीएवढे बुडबुडे धरायची. खोटी माती नुसती जड बसून राहायची आणि मधूनच एखादा मोठा बुडबुडा काढायची. मला पहिल्या उकळीला कळायचं. पण कढईला कोण विचारतं?

दादामियाँ गेले आणि वदूदचे वदूदमियाँ झाले. जिभेसाठी त्यांनी विसाव्या वर्षी पान सोडलं. चहा ते थंड करून प्यायचे. माती चाखायच्या दिवशी सकाळपासून तोंडात काही घालायचे नाहीत. गल्लीतले बाकीचे कारागीर आपापली माती घेऊन आमच्या अंगणात यायचे आणि वदूदमियाँनी मान हलवली तरच चूल पेटवायचे. कल्लप्पा ओताऱ्याचं घर समोरच होतं. तो जाता येता चिडवायचा, "मियाँ, तुमच्या जिभेला सरकारने पेन्शन द्यायला पाहिजे."

"आधी तुझ्या ओतकामातली भोकं बुजव," वदूदमियाँ म्हणायचे.

"भोक? माझ्या ओतकामात? चाळीस वर्षांत एक दाखवा."

"दाखवलं तरी तू कबूल कुठे करतोस?"

हे अगदी खरं होतं. कल्लप्पाचं काम चोख होतंच, पण कधी काळी काही चुकलं असेल तरी तो बापजन्मात कबूल करणारा नव्हता. साचा वाईट, कोळसा ओला, हवा दमट, सगळ्यांचं चुकायचं, कल्लप्पाचं नाही.

वदूदमियाँना एकच मुलगी, सफिया. ती पाच वर्षांची असताना अंगणात कुणी नसलं की माझ्याजवळ यायची, माझ्या काठाला लागलेली माती बोटावर घ्यायची आणि चाटायची. थुंकायचीही नाही. डोळे मिटून उभी राहायची, हुबेहूब दादामियाँसारखी. खोटी माती असली की नाक मुरडायची आणि चांगली असली की पुन्हा बोट लावायची. एकदाही चुकली नाही. मित्रांनो, त्या घरात दादामियाँची जीभ कुणाला मिळाली हे मला तेव्हाच कळलं होतं. वदूदमियाँनी तिला छिन्नी धरायला शिकवली, तार ठोकायला शिकवली, पण माती चाखायला दिली नाही. मनात काही वाईट होतं म्हणून नाही. मुलीच्या जिभेवर माती ठेवायची हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नाही.

सफिया मोठी झाली तसा तिचा हात बापाच्या पुढे गेला. केसाएवढ्या रेघेत ती तार बसवायची. तिचं काम मात्र वदूदमियाँच्या नावावर जायचं, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

पुढे प्रभुलिंग मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, पण घरी बसवेना. दर रविवारी ते परगावच्या दहा-वीस माणसांना घेऊन जुन्या गावात फिरायचे. हा मदरसा, ही कमान, हे तांबट, हे पतंगवाले, असं करत शेवटी आमच्या अंगणात. वदूदमियाँनी माती चाखली की लोक फोटो काढायचे, टाळ्या वाजवायचे. "सहा पिढ्यांची जीभ!" मास्तर सांगायचे. सहा पिढ्या त्यांनी कुठून मोजल्या कोण जाणे. पण खोटं कशाला बोलू, मलाही त्या दिवशी घासूनपुसून ठेवायचे आणि मला ते आवडायचं.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी सगळं गाव तोंडाला फडकं बांधून घरात बसलं. वदूदमियाँना ताप आला. सतरा दिवस ते अंथरुणावर होते. त्यांची बायको ताहेराबी माझ्याशेजारी बसून रडायची. माणूस वाचला. सगळ्यांनी देवाचे आभार मानले.

बरे झाल्यावर एका सकाळी ते एकटेच अंगणात आले. त्यांनी गोणीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मग दुसरी चिमूट. मग स्वयंपाकघरातून मीठ आणून चाखलं. मग एक हिरवी मिरची आख्खी चावून खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, पण चव आली नसावी. कारण ते माझ्या काठाला धरून खाली बसले आणि तोंड पुसायचंही विसरले.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. येईल परत, असं त्यांना वाटलं असेल. गोणीत पारखलेली माती होती तोवर निभावलं. ती संपली आणि त्यांनी किल्ल्यातून नवी आणली. चाखली, डोळे मिटले, म्हणाले, "चांगली आहे." चांगली नव्हती. ती माझ्यात जड बसून राहिली आणि तीन तबकं मळकट निघाली. "नवसागर भेसळीचा," वदूदमियाँ म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सफियाला कळलं ते जेवताना. ताहेराबीने खट्ट्या डाळीत चुकून दोनदा मीठ घातलं. सफियाने पहिलाच घास ताटात परत टाकला. वदूदमियाँ शांतपणे जेवत होते.

"डाळ कशी झालीय, अब्बा?" तिने विचारलं.

"छान झालीय. तुझ्या अम्मीच्या हाताला तोड नाही."

ताहेराबी काही बोलणार होती, पण सफियाने तिचा हात दाबला. दुपारी अब्बा नमाजाला गेल्यावर सफिया माझ्यापाशी आली, गोणीतली माती तिने जिभेवर ठेवली, आणि लहानपणीसारखं नाक मुरडलं. मग बुरखा चढवून, टोपली घेऊन ती किल्ल्याकडे गेली.

तेव्हापासून तोच रिवाज झाला. वदूदमियाँ माती आणायचे. दुसऱ्या दिवशी ते नमाजाला गेले की सफिया ती चाखायची, खोटी असली तर गोणी रिकामी करायची आणि आपली माती भरायची. गोणीची गाठ जशीच्या तशी मारायची. मास्तरांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या तशा रविवारी टाळ्या पडायच्या आणि माझ्यात चांगली माती उकळायची. वदूदमियाँच्या चेहऱ्यावर रंग परत आला. जीभ गेली असली तरी हाताला माती ओळखता येते, असं काहीसं ते स्वतःला समजावत असावेत. एकदा कल्लप्पाने सफियाला अंगणात गाठलं.

"किल्ल्यात दिसलीस काल. मियाँचे गुडघे दुखतायत वाटतं?"

"हो, काका."

कल्लप्पा तिच्याकडे बघत राहिला. "दुखणारच. वय झालं," एवढं म्हणून तो गेला. पुढे गल्लीतल्या बायकासुद्धा आपली माती आधी सफियाला दाखवायच्या आणि मग वदूदमियाँसमोर न्यायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते सगळ्यांना ठाऊक आहे हे वदूदमियाँना ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी सफियाने एक सुरई करायला घेतली. बंगळुरूच्या स्पर्धेसाठी. मास्तरांनीच अर्ज आणला होता आणि त्यावर पहिल्यांदा तिचं नाव लिहिलं होतं. नऊ महिने ती त्या सुरईवर वाकलेली होती. डाळिंबाच्या फांद्या, पानापानाच्या शिरा, आणि तार इतकी बारीक की काम चुकलं तर पुन्हा घासायची सोय नाही. घासलं तर चांदीच निघून जाईल. सुरईच्या तळाशी तिने स्वतःचं नाव कोरलं. वदूदमियाँनी ते बोटाने चाचपून वाचलं आणि म्हणाले, "एवढं लहान का काढलंस?"

बुधवारी सुरई पाठवायची होती. रविवारी ती माझ्यात उतरायची होती. शनिवारी दुपारी सफियाने गोणीतली माती पारखून ठेवली. ती चांगली होती.

रविवारी सकाळी अंगण भरलं. मास्तरांबरोबर लातूरकडची माणसं होती, गल्लीतले कारागीर होते, कल्लप्पा नवा सदरा घालून आला होता, कारण सुरई त्याने ओतली होती. सफियाने माझ्यात पाणी आणि नवसागर घातला, खाली चूल पेटवली आणि गोणीकडे हात नेला. तेवढ्यात वदूदमियाँ दारातून आत आले. त्यांच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती.

"ती राहू दे. माझ्या लेकीच्या सुरईला शिळी माती नको. पहाटेची, फजरची नमाज झाली तसा किल्ल्यात गेलो होतो. दादामियाँ जिथून आणायचे तिथून आणलीय."

त्यांनी पुरचुंडी सोडली, सगळ्यांदेखत चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. फोटो निघाले. "अशी माती दहा वर्षांत चाखली नव्हती," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी रुमाल माझ्यात झटकला.

एक चिमूट रुमालाला चिकटली होती. सफियाने तो घडी करायला घेतला आणि पदराआड बोट तोंडाला लावलं. तिचं नाक मी पाहिलं, मित्रांनो. आणि माझ्या बुडाला तर आधीच कळलं होतं. ती माती जड बसली होती.

सफियाने सुरई उचलली. मला वाटलं आता ती बोलेल. एक शब्द पुरला असता. अब्बा, ही नको. पण समोर पन्नास माणसं होती आणि मधोमध तिचा बाप उभा होता, इतका खूश, की तापानंतर त्याला तसं कुणी पाहिलं नव्हतं. ती सुरईला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. कल्लप्पा तिच्याकडे बघत होता. त्याने मान किंचित हलवली, नको म्हणून.

"बघतेस काय, बेटा? उकळी आलीय," वदूदमियाँ म्हणाले.

तिने सुरई माझ्यात सोडली.

मी माझ्याकडून काय केलं नाही! पोच्याचा भाग उचलून धरता येतो का पाहिलं, कलंडता येतं का पाहिलं. कढईला ते जमत नाही. चुलीवर ठेवलेली कढई उकळते. मीही उकळले. नऊ महिन्यांचं काम मी माझ्या अंगाने नासवलं.

सुरई बाहेर आली ती राखेच्या रंगाची. कुठे तपकिरी डाग, कुठे हिरवट. डाळिंबाच्या फांद्या शोधाव्या लागत होत्या. वदूदमियाँ सुरईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग हातातल्या रिकाम्या रुमालाकडे.

तेवढ्यात कल्लप्पा पुढे आला. त्याने सुरई हातात घेतली, उलटसुलट केली आणि मोठ्याने म्हणाला, "माझं चुकलं. जस्त जास्त पडलं माझ्याकडून. ओतताना चुकलं माझं."

लातूरची माणसं हळहळली. मास्तर म्हणाले, चालायचंच. पण वदूदमियाँनी कल्लप्पाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांत ज्या माणसाने स्वतःची चूक कबूल केली नव्हती, तो पन्नास माणसांसमोर माझं चुकलं म्हणत होता. त्यांनी सफियाकडे पाहिलं. गल्लीतल्या एकेकाकडे पाहिलं. सगळे जमिनीकडे बघत होते. तेव्हा त्यांना सगळं कळलं.

"होतं कधी कधी, कल्लप्पा," ते म्हणाले, आणि आत गेले. दोन दिवस ते जेवले नाहीत.

त्या गोष्टीबद्दल पुढे घरात कुणी चकार शब्द काढला नाही. वदूदमियाँ एवढंच म्हणाले, "माझ्याने आता किल्ला चढवत नाही. माती तू आणत जा, बेटा." राखाडी सुरई त्यांनी स्वतः कोनाड्यात ठेवली. रोज संध्याकाळी ते तिला खोबरेल लावायचे. तेल लावून ती काळी होणार नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असेल? तरी लावायचे.

रविवार चालूच राहिले. ते चिमूट जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, पण आता लगेच बोलायचे नाहीत. डोळे उघडून दाराकडे बघायचे. दारात सफिया उभी असायची. ती जराशी मान हलवायची. मग ते म्हणायचे, "चांगली आहे."

एका रविवारी सफियाला ताहेराबीच्या औषधासाठी बाहेर जावं लागलं आणि माणसं लवकर आली. वदूदमियाँनी माती जिभेवर ठेवली आणि डोळे उघडले, तर दार रिकामं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. लोक वाट बघत होते. कुणीतरी म्हणालं, किती मन लावून चाखतायत. त्यांच्या ओठांच्या कडेला माती वाळत चालली होती, तरी ते थुंकले नाहीत की बोलले नाहीत. सफिया धावत दारात आली तोवर ते माती तोंडात धरून तसेच बसून होते. मित्रांनो, मी तांब्याची आहे, पण त्या दिवशी मला ते बघवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात वदूदमियाँ गेले. चाळिसावा दिवस झाल्यावर पहिल्या रविवारी मास्तर माणसं घेऊन आले आणि दारातच घुटमळले. सफियाने चूल पेटवली. तिने चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, उघडले आणि सवयीने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तिला कुणी सांगायची गरज नव्हती, जीभ तिचीच होती, तरी ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"चांगली आहे," ती म्हणाली. माती खरंच चांगली होती. मला चावत होती.

त्या दोघांनी एकमेकांना इतकं जपलं की एकमेकांशी बोलायचं राहूनच गेलं. म्हणून माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. जुन्या गल्लीत जाल तेव्हा कारागिराच्या करामतीला टाळ्या जरूर वाजवा, पण त्याला बरं आहे ना, हेही जवळ बसून विचारा. आणि तुमच्या घरात कुणाचं काही हरवलं असेल, डोळ्याचं, कानाचं, हाताचं, तर ते ठाऊक नसल्यासारखं करू नका. माझ्यासारखं नुसतं उकळत राहू नका.

आणि आमच्या अंगणात आलात, तर कोनाड्यात एक राखाडी सुरई आहे. लोक तिच्याकडे बघत नाहीत, काळ्या सुरयांचे फोटो काढतात आणि जातात. तुम्ही ती उचला. जड आहे, दोन्ही हातांनी धरा. उलटी करा आणि तळाशी बघा. तिथे एक नाव कोरलंय, अगदी लहान अक्षरांत.